आधी नळ, मग बाटली

मुलुंडला आमच्या घरी मोरीवरच्या फळीवर जंतुनाशकाची एक बाटली कायम असते. अर्धवट भरलेली, झाकणाच्या आट्यांवर चिकट थर साचलेली. घरात कुणाला कापलं, खरचटलं, ठेच लागली की पहिला हात तिच्याकडे जातो. तीन पावसाळ्यांपूर्वी स्टेशनच्या जिन्यावर माझ्या वडिलांचा पाय घसरला आणि घोट्याजवळ खरचटलं. जखम रुपयाएवढी. घरी येऊन त्यांनी कापसाचा बोळा त्या बाटलीतल्या औषधात थेट भिजवला, जखमेवर ठेवला, वरून पट्टी घट्ट गुंडाळली आणि निजले. सकाळी पट्टी सोडली तेव्हा मूळ जखम होती तेवढीच होती. पण तिच्याभोवतीची तळहाताएवढी कातडी पांढरी पडून सुरकुतली होती, उकळत्या पाण्यात बुडवल्यासारखी. दुपारपर्यंत ती सुटून आली आणि खाली लालभडक मांस दिसू लागलं.

डॉक्टरांनी पाय पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "काका, पाणी किती घातलं होतं?"

बाबा म्हणाले, "पाणी कशाला? औषध पातळ नसतं का झालं?"

बाबांना पंधरा वर्षांचा मधुमेह. पायाची संवेदना कमी झालेली. एरवी माणूस झोंबलं म्हणून पट्टी ओढून काढतो. त्यांना रात्रभर काहीच जाणवलं नाही. रुपयाएवढं खरचटणं आठवड्याभरात वाळलं असतं. ते भाजणं भरायला सात आठवडे लागले. त्या सात आठवड्यांत आईने आणि मी रोज सकाळी ती पट्टी बदलली, आणि हा लेख खरं तर तेव्हापासून माझ्या मनात आहे.

बाबा शिकलेले आहेत, सरकारी नोकरीत हयात घालवलेली आहे, वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. त्यांची चूक अडाणीपणाची नव्हती. ती आपल्या सगळ्यांच्या मनात घर करून बसलेल्या दोन समजुतींची होती. एक, औषध जितकं कडक तितकं गुणकारी. दुसरी, झोंबलं म्हणजे लागू पडलं. अंधेरी असो, बोरिवली असो की घाटकोपर, मला भेटलेल्या जवळजवळ प्रत्येक घरात या दोन समजुती आहेत, आणि दोन्ही चुकीच्या आहेत. जखम स्वच्छ करण्याचं मुख्य काम पाण्याचं आहे. जंतुनाशकाची जागा त्यानंतरची, मोजकी आणि मापाची. आपण मात्र पाण्याच्या जागी बाटली बसवली आहे, आणि असं का झालं याचं उत्तर आपल्या स्वभावापेक्षा या शहराच्या नळांत अधिक सापडतं, असं माझं मत आहे.

आधी औषधाचं काम समजून घेऊ. जंतुनाशक म्हणजे पेशी मारणारं द्रव्य. ते जंतूचं आवरण फोडतं, आतली प्रथिनं गोठवतं, बिघडवतं. पण पेशी जंतूची आहे की आपली, हे त्याला कळत नाही. जखमेत जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी, कडेने सरकत येऊन नवी कातडी विणणाऱ्या पेशी, यांनाही ते त्याच न्यायाने मारतं. म्हणूनच ते किती पातळ करायचं आणि किती वेळ ठेवायचं याला महत्त्व आहे. आपल्याकडे घरोघरी असणारी क्लोरोझायलेनॉलची द्रावणं जखम धुण्यासाठी साधारण वीस भाग पाण्यात एक भाग अशी वापरायची असतात. म्हणजे शंभर मिलिलिटर पाण्यात पाच मिलिलिटर, चहाचा एक चमचा. बाबांनी वीसपट तीव्र औषध आठ तास झाकून ठेवलं होतं. झाकलेलं औषध उडून जात नाही, वाळत नाही. ते कातडीत मुरत राहतं.

कडक म्हणजे गुणकारी हा समज किती खोटा आहे, याची दोन उदाहरणं कुठल्याही दवाखान्यात सापडतील. इंजेक्शनआधी डॉक्टर जे स्पिरिट लावतात ते सत्तर टक्क्यांच्या आसपासचं असतं. पंच्याण्णव टक्क्यांचं का नाही? कारण जंतूची प्रथिनं गोठवायला अल्कोहोलला पाणी लागतं. शुद्धतेच्या जवळ जाणारं अल्कोहोल जंतूच्या बाहेरचा थर झटकन गोठवतं आणि आत शिरायला कमी पडतं. दुसरं उदाहरण पोव्हिडोन आयोडीनचं, म्हणजे आपण ज्याला सरसकट बेटाडिन म्हणतो त्या तपकिरी औषधाचं. यात आयोडीन एका लांब साखळीच्या रेणूला बांधलेलं असतं. मारण्याचं काम करतं ते सुटं झालेलं आयोडीन. द्रावण एका मर्यादेपर्यंत पातळ केलं की साखळीची पकड सैल होते आणि सुट्या आयोडीनचं प्रमाण उलट वाढतं. बाबांचं "पातळ नसतं का झालं?" हे वाक्य इथे शब्दशः उलटं पडतं. (म्हणून घरी बसून त्यात अंदाजाने पाणी ओतू नये, बाटलीवर किंवा डॉक्टरांनी जे सांगितलं असेल तेच करावं.) हे औषध लावून लगेच पुसायचंही नसतं. दोन मिनिटं वाळू द्यायचं, तेवढ्यातच ते आपलं काम करतं. थायरॉइडचा आजार असणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी आणि तान्ह्या बाळासाठी ते विचारल्याशिवाय वापरू नये, कारण आयोडीन कातडीतून रक्तात उतरतं.

कडक औषधावरचा हा विश्वास आपल्याकडे आला कुठून? मुंबईपुरतं बोलायचं तर त्याचा एक धागा प्लेगपर्यंत जातो. जोसेफ लिस्टर यांनी १८६५ मध्ये ग्लासगोत गाडीखाली पाय मोडलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक ॲसिडची पट्टी बांधली, पाय वाचला, आणि शस्त्रक्रियेचं जगच बदललं. हे फार मोठं काम होतं. त्याआधी अशा रुग्णाचा पाय कापत किंवा तो दगावत असे. तीस वर्षांनी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला, तेव्हा महापालिकेच्या हातात तेच कार्बोलिक ॲसिड होतं. समुद्राच्या पाण्यात मिसळून ते गटारांतून सोडलं गेलं, घरं चुन्याने धुतली, सामान जाळलं. शहराला तो उग्र वास लागला. पण प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरत होता. गटारात ओतलेल्या कार्बोलिकने पिसू थांबली नाही. माणसांच्या मनात मात्र वास आणि सुरक्षितता यांची गाठ बसली, ती आजही सुटलेली नाही. रुग्णालयात शिरल्यावर फिनाइलचा वास आला की आपल्याला बरं वाटतं.

त्या प्लेगच्या चौकशीसाठी १८९८ मध्ये हिंदुस्थानात जो आयोग आला, त्यात आल्मरोथ राइट नावाचे डॉक्टर होते. हेच राइट पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या बुलोन्यला सैनिकांच्या जखमांवर काम करत होते, आणि त्यांच्या हाताखाली होते अलेक्झांडर फ्लेमिंग. पेनिसिलिनचे फ्लेमिंग सर्वांना माहीत आहेत. पण त्याआधीचं त्यांचं हे काम मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. सैनिकांच्या खोल, फाटक्या जखमांत डॉक्टर कडक जंतुनाशकं ओतत होते आणि तरी जखमा चिघळत होत्या. फ्लेमिंग यांनी काचेची नळी तापवून तिला आतून पोकळ काटे काढले, फाटक्या जखमेच्या कोनाकोपऱ्यांसारखे. त्यात जंतुमिश्रित द्रव भरला, मग तो ओतून जंतुनाशक भरलं, मग तेही ओतून स्वच्छ द्रव भरला. काही वेळाने पाहतात तो जंतू पुन्हा भरभरून वाढलेले. काट्यांच्या टोकांत औषध पोचलंच नव्हतं. जिथे पोचत होतं तिथे ते जंतूंच्या आधी पांढऱ्या पेशींना संपवत होतं. राइट आणि फ्लेमिंग यांचं म्हणणं असं की जखम खारट पाण्याने धुवा, मेलेलं मांस काढा, शरीराला लढू द्या. अनेक वरिष्ठ शल्यचिकित्सकांना ते पटलं नाही. शंभर वर्षांनंतर आपल्या मोरीवरच्या फळीपर्यंतही ते पुरतं पोचलेलं नाही.

आज जखमांच्या उपचारातला अभ्यास काय सांगतो? साध्या, ताज्या जखमा पिण्यायोग्य नळाच्या पाण्याने धुतल्या, तर सलाइनने धुतल्यापेक्षा जंतुसंसर्ग जास्त होत नाही. धुणं म्हणजे बाहेर काढणं. माती, गंज, काचेचा कण, रक्ताच्या गुठळीत अडकलेले जंतू हे सगळं धारेबरोबर निघून जातं. जंतुनाशक मातीवर पडलं तर मातीलाच भिजवतं.

आणि मुंबईच्या नळाचं पाणी हे साधं पाणी नाही. भांडुपचं जलशुद्धीकरण केंद्र आशियातल्या मोठ्या केंद्रांपैकी एक आहे. मुलुंडहून दोन स्टेशनं. धरणांतून येणारं पाणी तिथे गाळलं जातं, त्यात क्लोरीन मिसळलं जातं, आणि मग ते उपनगरांत येतं. म्हणजे ज्याच्या घरी नळ चालू आहे, त्याच्याकडे अगदी सौम्य, मोजून-मापून केलेलं जंतुनाशक द्रव धारेने येतं आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात विहार आणि तुळशीचे तलाव आहेत. त्यातला विहार १८६० मध्ये पुरा झाला, प्लेगच्याही आधी. दीडशेहून अधिक वर्षं या शहराने पाण्यावर इतका खर्च केला, तो अशाच कामांसाठी.

पण "ज्याच्या घरी नळ चालू आहे" हे शब्द मी सहज लिहून गेलो, ते तसे सहज नाहीत. घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर वरच्या ओळीतल्या घरांत पाणी कसं चढतं ते जाऊन पाहावं. पहाटे ठराविक वेळ, पातळ नळ्यांचं जाळं, ड्रम आणि कॅन, आणि मग दिवसभर त्याच साठ्यावर स्वयंपाक, धुणं, आंघोळ. त्या घरातल्या आईला मी कुठल्या तोंडाने सांगू की मुलाच्या गुडघ्यावर दहा मिनिटं धार धरा? तिच्यासाठी बाटलीतल्या औषधाचा एक थेंब स्वस्त आहे आणि पाण्याचा हंडा महाग. २०१४ च्या डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर निकाल दिला की झोपडी अनधिकृत असली तरी तिथल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही. पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. हा निकाल आपण घरांच्या, अतिक्रमणाच्या चर्चेत आठवतो. मला तो जखमांच्या चर्चेतही आठवतो.

कुत्रा चावल्यावर काय करायचं, याचा हिशेब करून पाहा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. रेबीजच्या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं, साबण ते विरघळवतो; हा पहिला उपचार आहे आणि तो घरीच होतो. मंद नळ मिनिटाला तीन लिटर सोडतो असं धरलं तर पंधरा मिनिटांचे पंचेचाळीस लिटर झाले. साठवणीच्या पाण्यावर जगणाऱ्या घरातला हा निम्मा दिवस आहे. म्हणून तिथे दोन मग पाणी, वर हळद किंवा मिरची, आणि बाटलीतलं औषध एवढ्यावर भागवलं जातं. तरीही सांगतो, या एका प्रसंगी पाण्याचा हिशेब करू नका. शेजाऱ्यांचे ड्रम मागा, कॅन आणा, पण पंधरा मिनिटं धुवा. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन लावा आणि त्याच दिवशी लस घ्यायला जा. घाटकोपरला राजावाडी, मुलुंडला अगरवाल, जुहूला कूपर ही महापालिकेची रुग्णालयं आहेत. चाव्यावर हळद, चुना, मिरची काहीही भरू नका.

पावसाळ्यातला प्रश्न आणखी वेगळा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. उपनगरांतली लाखो माणसं कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी आली, आणि पुढच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदीर आणि गुरांच्या मुतातून हे जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून, खरचटलेल्या जागेतून आत जातात. अंधेरीचा सबवे भरला की आजही आपण त्याच पाण्यातून जातो. घरी येऊन बादलीत दोन झाकणं औषध टाकून पाय बुडवून बसतो आणि निर्धास्त होतो. पण जे जंतू शिरायचे ते वाटेतच शिरलेले असतात, आणि बादलीतलं औषध रक्तात पोचत नाही. पायाला जखम असेल तर ती बाहेर पडण्याआधी झाकावी लागते. गमबूट घालावे लागतात. आल्यावर साबणाने पाय धुऊन कोरडे करावे लागतात. आणि जखमेसह तुंबलेल्या पाण्यात उतरलो असू तर एक-दोन दिवसांत दवाखान्यात जाऊन डॉक्सिसायक्लिनबद्दल विचारावं लागतं. महापालिका दर पावसाळ्यात हेच सांगते. धनुर्वाताचंही तसंच. त्याच्या जंतूंची बीजं इतकी चिवट असतात की घरगुती जंतुनाशकाला ती दाद देत नाहीत; त्यासाठी लसच लागते.

रोज आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक टाकणाऱ्या घरांबद्दल थोडक्यात लिहितो. निरोगी कातडीला त्याची गरज नाही. कातडी किंचित आम्ल असते, तिच्यावर राहणारे निरुपद्रवी जंतू तिची राखण करतात. रोजच्या औषधाने ती कोरडी पडते, खाजते, मग आपण खाजेवर पुन्हा तेच औषध लावतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये ट्रायक्लोसनसह १९ द्रव्यं घरगुती साबणांतून काढायला लावली, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ती अधिक चांगली आहेत हे कंपन्यांना दाखवता आलं नव्हतं. आणि मांडीवरचा नायटा ही बुरशी आहे. तिच्यावर या बाटल्यांचा काही उपयोग नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेवर ओतलं की फेस येतो आणि औषध काम करतंय असं वाटतं. तो फेस आपल्याच रक्तातल्या आणि पेशींतल्या एका विकरामुळे येतो. रोज ते ओतत राहिलं तर जखम भरायला उशीर होतो.

आता हळद. हा विषय मी मुद्दाम टाळणार नाही, कारण आपल्या सगळ्यांच्या भावना त्यात आहेत. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. त्याला आव्हान दिलं गेलं तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने जुने संस्कृत ग्रंथ आणि भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला १९५३ चा लेख पुढे ठेवून त्या पेटंटला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. मराठी माणसाला याचा अभिमान वाटावा, मलाही वाटतो. पण त्या लढाईत सिद्ध काय झालं? हे ज्ञान नवं नाही, आमच्याकडे आधीपासून आहे, एवढं. किराणा दुकानातून आणलेली, मिसळणीच्या डब्यात ओल्या चमच्याने ढवळलेली, रंग चढवण्यासाठी भेसळ असू शकणारी हळद उघड्या जखमेत भरावी, असं त्यात सिद्ध झालं नाही. वाहतं रक्त थांबवायला स्वच्छ कापड दाबून धरणं पुरतं. आजीच्या हाताची हळद ज्या प्रेमाने लागत होती ते प्रेम खरं आहे. तेच प्रेम जखम धुण्यात दाखवता येतं.

जबाबदारी सगळी घरावर टाकून मला मोकळं व्हायचं नाही. बाबांच्या त्या बाटलीवर प्रमाण लिहिलेलं होतं. मी चष्मा लावून, खिडकीच्या उजेडात, दुसऱ्या वेळी वाचलं तेव्हा सापडलं: इंग्रजीत, बारीक अक्षरांत, लेबलाच्या मागच्या बाजूला, जिथे औषधाचा ओघळ येऊन अक्षरं पुसली जातात. मे २०२२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता यावीत अशा १६ औषधांचा मसुदा काढला. त्यात पोव्हिडोन आयोडीन होतं आणि क्लोरहेक्सिडिनचं गुळण्यांचं औषधही होतं. पाच दिवसांपेक्षा जास्त वापरू नये आणि बरं वाटलं नाही तर डॉक्टरांकडे जावं, अशी अट त्यात होती. कल्पना चांगली आहे. पण चिठ्ठी नको म्हणताना डॉक्टरांचं तोंड आपण मधून काढतो, तेव्हा त्या तोंडाचं काम लेबलाने केलं पाहिजे. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक जंतुनाशकावर प्रमाण, वेळ आणि किती दिवस, या तीन गोष्टी समोरच्या बाजूला, मराठीत, ठळक अक्षरांत असाव्यात. झाकणाला मापाची रेघ असावी आणि झाकणभर औषधाला किती पाणी, याचं चित्र असावं. त्यासाठी नवं संशोधन लागत नाही. सिगारेटच्या पाकिटावर आपण चित्र छापतोच.

त्या यादीत गुळण्यांचं औषध होतं हे मी वेगळं सांगितलं, कारण सगळ्यांत मोठी भीती मला तिथे वाटते.

'तोंड आलंय' असं आपण म्हणतो. उष्णता वाढली, जागरण झालं, पोट साफ नाही, ही कारणं घरात तयार असतात. बहुतेक वेळा ते खरंच आठ-दहा दिवसांत जातं. क्लोरहेक्सिडिन हे चांगलं औषध आहे. हिरड्या सुजल्या असतील, दात काढला असेल, तर दंतवैद्य ते काही दिवसांसाठी देतात. दोन टक्क्यांचं नव्हे, शून्य दशांश दोन टक्क्यांचं, दहा मिलिलिटर, दिवसातून दोनदा, मिनिटभर तोंडात खेळवून थुंकायचं, गिळायचं नाही. टूथपेस्टमधल्या फेसाच्या द्रव्याने ते निकामी होतं, म्हणून दात घासणं आणि गुळणी यांत अर्ध्या तासाचं अंतर ठेवायचं. आठवड्यांवर आठवडे वापरलं की दातांवर तपकिरी डाग पडतात आणि जिभेची चव बदलते; चहाला चहाची चव राहत नाही. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात १९ निरोगी माणसांनी आठवडाभर या गुळण्या केल्या आणि त्यांचा रक्तदाब थोडा वाढला; तोंडातले जे जंतू अन्नातल्या नायट्रेटवर काम करून रक्तवाहिन्या सैल ठेवायला मदत करतात, तेही त्यात गेले. म्हणजे तोंडातले सगळे जंतू शत्रू नाहीत.

पण डाग आणि चव हे छोटे प्रश्न. घाटकोपरचे आमचे एक जवळचे नातेवाईक, वय अठ्ठेचाळीस, तंबाखू-चुन्याची सवय वीस वर्षांची. जिभेच्या उजव्या कडेला, दाढेला लागून, एक फोड. दुकानातून गुळण्यांचं औषध आणलं. दुखणं कमी झालं, म्हणून चालू ठेवलं. संपलं, पुन्हा आणलं. दुकानदार ओळखीचा, तो मागितलं की देत होता. मध्ये जांभळं औषध लावून झालं, बोरोग्लिसरीन लावून झालं. चार महिन्यांनी कानात कळ यायला लागली आणि मानेत गाठ हाताला लागली, तेव्हा परळला टाटा कर्करोग रुग्णालयात गेले. जिभेचा काही भाग काढावा लागला. ते आज आहेत, बोलतात, पण त्यांचं 'ळ' आणि 'ण' समजून घ्यायला घरच्यांना वेळ लागतो. त्यांच्या तोंडाला त्या चार महिन्यांत कधीही वास आला नाही. औषधाने आपलं काम चोख केलं होतं. त्या चोख कामामुळेच कुणाला शंका आली नाही.

लिस्टर यांचं नाव घेऊन १८७९ मध्ये अमेरिकेत लिस्टरिन बनलं, आधी शस्त्रक्रियेसाठी. पुढे ते तोंडाच्या वासावर विकलं जाऊ लागलं. जखमेसाठी जन्मलेलं औषध वास लपवायच्या कामाला लागलं, तिथपासून हा घोळ आहे. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटखाबंदी केली, तरी तंबाखू, मावा, सुपारी, मिश्री आपल्या आसपास आहेतच. यातल्या कशाचीही सवय असलेल्या माणसासाठी तोंडातला फोड ही उष्णता नव्हे, ती तपासणीची वेळ आहे. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात अनेक वर्षं चाललेल्या मोठ्या अभ्यासात नुसती प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी टॉर्च घेऊन तोंडं तपासली, तेवढ्याने तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांमधले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. तो निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. टॉर्च आणि डोळे, एवढंच साधन.

तेव्हा माझी विनंती आहे. आज रात्री दात घासून झाल्यावर आरशासमोर मोबाइलचा टॉर्च लावून तोंड पाहा. गाल बोटाने बाजूला ओढा, जीभ बाहेर काढून दोन्ही कडा पाहा, जीभ टाळूला लावून खालचा भाग पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा दिसतो का, तीन बोटं उभी मावतील एवढं तोंड उघडतं का, ते बघा. घरात तंबाखू खाणारं कुणी असेल तर त्यांचंही पाहा, रागावू नका, नुसतं पाहा. दोन आठवडे झाले आणि फोड भरला नसेल, तर गुळण्यांची बाटली बंद करा आणि जवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात किंवा मुंबई सेंट्रलच्या नायर दंत रुग्णालयात जाऊन दाखवा. फोड दुखत नसला तरी जा.